सावरबांधची चालती उत्तर दिशा

त्या वैशाखात सावरबांधच्या तलावात जेवढं पाणी उरलं होतं, त्याहून जास्त माणसं त्याच्या पाळीवर उभी होती. माणसांच्या मधोमध एक पितळी परात होती, परातीत पाणी होतं आणि पाण्यावर शेंदूर फासलेली एक लाकडी मासोळी तरंगत होती. परातीला लागून चौरंगावर एक धिप्पाड बाबा बसला होता. अंगाला राख, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत जाडजूड खडावा आणि तोंडात अखंड हिंदी.

"देखो भाई, देखो! यह मछली पाताल की है! पाताल का धन पाताल की मछली ही पहचाने! बोल मछली, राजा का खजाना किधर?"

गर्दीनं माना पुढे केल्या. वारा पडलेला होता. परातीला कुणाचा हात नव्हता. तरी मासोळी थरथरली, तिनं हळूच तोंड फिरवलं आणि पाळीवर जिथं सावरीचं जुनं झाड होतं, तिकडे बोट दाखवावं तशी ती स्थिर झाली.

"मासोळीबाबा की जय!" कुणीतरी ओरडलं, आणि सारी पाळ दणाणली. दोन म्हाताऱ्यांनी तिथंच लोटांगण घातलं. एकीला तर मासोळीच्या डोळ्यांत पाणीही दिसलं. मासोळी पाण्यातच होती, हे तिच्या लक्षात आणून देण्याची ती वेळ नव्हती.

मी त्या गावचा मास्तर. माझं नाव जागेश्वर, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उच्चारलं जायचं. एरवी लहानथोरांना मी नुसता 'मास्तर' होतो. सन एकोणीसशे एकवीसची ही गोष्ट. सावरबांध म्हणजे भंडारा जिल्ह्याची पूर्वेची कड. गोरेगावच्या बाजाराला बैलगाडीनं जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. गावाच्या पुढे जंगल, जंगलापुढे डोंगर. जमीन मुरमाड आणि खाली खडक. पाऊस आला तर धो धो यायचा आणि जमिनीत न थांबता नाल्यानाल्यांनी थेट वैनगंगेला जाऊन मिळायचा. म्हणून कधीकाळी कोहळी लोकांनी दोन टेकड्यांच्या मध्ये ही मातीची पाळ घातली. असं सांगत की गोंड राजानं त्यांना शब्द दिला होता: तुमच्या तलावाच्या पाण्यानं जेवढी जमीन भिजेल, तेवढी तुमची. ती पाळ होती म्हणून सावरबांधला धान पिकत होता, आणि धान पिकत होता म्हणून सावरबांध होतं. आदल्या साली पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या. तलावाच्या तळाशी गुराढोरांपुरतं पाणी राहिलं होतं, आणि माणसंही तेच गाळून पीत होती.

अशा वेळी माणसाला खजिना लवकर दिसतो.

बाबानं त्या दिवशी इतिहासही सांगितला. "सात सौ साल पहले यहाँ गोंड राजा था. अंग्रेज के डर से उसने सात हंडे सोना इसी पाल में गाड़ दिया!"

मला राहवलं नाही. "बाबा, सातशे वर्षांपूर्वी इंग्रज इथं आलेच नव्हते."

बाबानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "राजा त्रिकालदर्शी था, मास्टर. पहले से डर गया."

"जय हो!" गर्दी म्हणाली.

गोंड टोल्यातले, म्हणजे गोंडांच्या वस्तीतले, बकाराम मडावी खांद्यावरची कुऱ्हाड खाली टेकून पुढे आले. बकारामदादा फार बोलत नसत, पण बोलत ते मोजकं आणि मोठ्यानं. "राजा आमचा होता नं? मंग खजिना आमच्या टोल्याचा झाला."

"जमीन माही हाये," गावचे मालगुजार पतिराम म्हणाले. त्यांचं धोतर पांढरंशुभ्र, मिशी काळीभोर आणि आवाज बसका.

"अन् पाळ आमच्या बुढ्यानं बांधली," फुलवंताबाई म्हणाली. ही कोहळ्याची विधवा. तलावाच्या तोंडाशी तिचं शेत होतं, आणि तिची जीभ तिच्या विळ्यापेक्षा बरी चालायची. ती बाबाकडे वळली. "एक सांगा जी बाबा. तुमाले जमिनीतलं सोनं दिसते, मंग तुमची लंगोटी फाटकी काऊन?"

मग बाबा गरजला, "माई, साधू को सोने की क्या चाह! मैं तो जगत के लिए आया हूँ!"

गर्दीला हे उत्तर फार आवडलं. फुलवंताबाईला नाही आवडलं. "जगत मोठं हाये. आमच्याच गावात काऊन आला मंग?" असं ती पुटपुटली, पण तोवर ढोल वाजू लागला होता.

दुसऱ्या दिवसापासून पाळ खणायला सुरुवात झाली.

बाबाचा मुक्काम मालगुजाराच्या ओसरीवर पडला. जगतासाठी आलेल्या या साधूला सकाळी तूप-पोळी लागे, दुपारी खीर लागे आणि संध्याकाळी पुन्हा काहीतरी तुपातलं लागे. 'सोन्याला सोनं बोलावते' असं सांगून त्यानं बायकांचे गोट, सरी, पुतळ्या एका मडक्यात घालायला लावल्या, मडक्याचं तोंड लाखेनं बंद केलं आणि ते आपल्या उशाशी ठेवलं. खजिना निघाला की मडकं फोडायचं, दागिने दुप्पट झालेले असतील, असा वायदा होता.

खणणारी माणसं उपाशीपोटी खणत होती. खणून खणून पाळीत हत्ती मावेल एवढं खिंडार पडलं. निघाली ती माती, मुरूम आणि एक तुटकी चिलीम. रोज बाबा परात मांडून विचारायचा आणि रोज मासोळी सांगायची, आणखी आत.

मी मालगुजारांकडे गेलो. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

"मालक, पाळ अर्धी कापली गेली. अजून चार हात आत गेलात तर आहे ते पाणी वाहून जाईल. आणि पावसाळ्यात येणारं पाणी कुठं थांबेल? पाळ गेली की धान गेला, आणि धान गेला की गाव उठलं."

"सोनं भेटल्यावर धान कोनाले पाहिजे, मास्तर?"

"सोनं शिजवून खाता येत नाही."

पतिरामांनी अडकित्ता खाली ठेवला. "मास्तर, तुमी पोट्टे शिकवा. अन् एक ध्यानात ठेवा, शाळेवरचं छप्पर माहं हाये."

ते खरं होतं. शाळा म्हणजे त्यांचाच जुना गोठा. बैल गेले आणि भूगोल आला, एवढाच फरक. मी हात जोडले आणि घरी आलो. रात्री नीट झोप लागली नाही. बाबा लबाड आहे हे मला ठाऊक होतं, पण मासोळी कशी फिरते हे ठाऊक नव्हतं. 'हे खोटं आहे' असं नुसतं म्हणून चालत नाही. समोरचा विचारतो, 'मग फिरते कशी?' आणि आपण गप्प बसलो की त्याचा बाबा खरा ठरतो.

उत्तर माझ्या वर्गात चालत आलं, आणि ते बाबा स्वतः घेऊन आला.

त्या सकाळी मी मुलांना दिशा शिकवत होतो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं मोठं चाक काढलं होतं आणि मधोमध माझं होकायंत्र ठेवलं होतं. ते मी भंडाऱ्याला शिकत असताना घेतलेलं. भोवती मुलं पालथी पडून काट्याकडे पाहत होती. "हा काटा कुठंही फिरवा, तो उत्तरेकडेच तोंड करतो," मी म्हणालो. "पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, ती त्याला ओढते."

एवढ्यात दारात 'अलख!' अशी आरोळी उठली. पतिराम मालक बाबाला शाळा दाखवायला घेऊन आले होते. म्हणजे शाळेला बाबा दाखवायला. मालकांनी जोडे बाहेर काढले. बाबानं खडावा काढल्या नाहीत.

"बाबा, शाळेत पादत्राणं..." मी सुरुवात केली.

"मेरा तलवा धरती को लगा तो धरती जल उठेगी!" बाबा म्हणाला आणि खट् खट् करत खडूच्या चाकाभोवती फिरू लागला. "क्या पढ़ाते हो बच्चों को?"

मी काही बोलण्याआधी सारा वर्ग एकसुरात ओरडला, "मास्तर! उत्तर चालून राहिली!"

मी खाली पाहिलं. काटा बाबाच्या मागे फिरत होता. बाबा खिडकीकडे गेला, उत्तर खिडकीकडे गेली. बाबा फळ्याकडे आला, उत्तर फळ्याकडे आली. बाबा थांबला, उत्तर थांबली. काटा बाबाच्या उजव्या खडावेकडे टक लावून पाहत होता.

बाबानंही ते पाहिलं. त्याच्या कपाळावरच्या राखेतून घामाची एक रेघ उतरली. पण गडी मुरलेला होता. "देखा! दिशाएँ भी मेरे पीछे चलती हैं!"

"वा!" मालगुजार म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. मीही जोडले, पण खडावेकडे बघत. बाबा लगबगीनं बाहेर पडला, आणि त्याच्या पाठोपाठ काटा पुन्हा आपल्या जागी, खऱ्या उत्तरेला आला.

त्या खडावेत चुंबक होता. चौरंगावर बसून बाबा पाय जरासा पुढे-मागे करायचा, आणि मासोळी त्या पायाकडे वळायची. म्हणजे मासोळीच्या पोटातही काहीतरी होतं. साधं लोखंड, की चुंबक झालेलं पोलाद? मासोळीचं शेपूट कधी बाबाच्या पायाकडे वळलेलं मी पाहिलं नव्हतं. दर वेळी तोंडच वळायचं. साध्या लोखंडाला तोंड काय आणि शेपूट काय. मग ती माझ्या होकायंत्राचीच बहीण होती, आणि बाबाच्या पायापासून दूर ठेवली तर तिनं उत्तरेकडे पाहायला हवं होतं. 'हवं होतं' एवढंच. खात्री नव्हती.

दुपारी मी फुलवंताबाईच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"असं तं मंग चाला, सांगून देऊ गावाले."

"सांगून कुणी ऐकणार नाही. मीच सांगतोय म्हणून तर नाहीच ऐकणार. बाबाच्या पायातल्या खडावा निघायला हव्यात, सगळ्यांच्या समोर. आणि ओढून काढल्या तर लोक आपल्यालाच मारतील."

फुलवंताबाई धान सडत होती. मुसळ हातात थांबलं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ओढाच्या कायले, मास्तर? पूजा करू."

"कशाची?"

"पादुकाइची! साधूच्या पादुकाइची पूजा नाही करत काय? दुधानं धुवाच्या, चंदन लावाचं. मालकाच्या पटलीनबाईले मी सांगतो. तिले पूजेचा लई शौक हाये."

इकडच्या झाडीबोलीत बाईमाणसंही 'सांगतो' म्हणतात. भंडाऱ्याहून आलो तेव्हा मला ते खटकायचं. त्या दिवशी ते वाक्य मला देववाणीसारखं वाटलं.

शेवटच्या खणतीचा दिवस ठरला. बाबानं जाहीर केलं होतं की आज पाळ आरपार गेली की हंडे दिसतील. गोंड टोला, कोहळी टोला, पोवारांची घरं, सगळी पाळीवर लोटली. मी सकाळीच जाऊन परात मांडली. "आज सेवा मला करू द्या," असं मी म्हणालो तेव्हा मालगुजार खूष झाले; मास्तर ताळ्यावर आला असं त्यांना वाटलं असावं. परात कुठं ठेवायची, हे मी आदल्या संध्याकाळी पाळीवर होकायंत्र घेऊन फिरून पक्कं केलं होतं. त्या जागेच्या बरोबर उत्तरेला, खाली गावात, एकच घर येत होतं. नवी कौलं घातलेलं, नव्या फरसबंदीचं, पतिराम मालगुजारांचं घर.

बाबा आला. चौरंगावर बसणार, इतक्यात मालगुजारांच्या पत्नी जमुनाबाई दहा-बारा बायकांना घेऊन पुढे झाल्या. हातात चांदीचं ताट, ताटात दूध, चंदन, फुलं. कमरेला किल्ल्यांचा भलामोठा जुडगा. घरातल्या कुठल्याच कुलपावर त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता.

"बाबा, पादुका द्या जी. पूजा कराची हाये."

बाबाचा चेहरा उतरला. "नहीं माई! मेरा तलवा धरती को लगा तो धरती जल उठेगी!"

"जळू द्या जी," फुलवंताबाई म्हणाली. "तशीबी जळूनच राहिली यंदा."

लोक हसले. बकारामदादा म्हणाले, "बाबा, बायका हात जोडून राहिल्या. देऊन टाका." मालगुजार म्हणाले, "महाराज, पूजा झाल्याबिगर काम सुरू करनं बरं नाही." चारी बाजूंनी 'द्या जी, द्या जी' झालं. शेवटी बाबानं एक पाय उचलला, मग दुसरा. जमुनाबाईंनी खडावा ताटात घेतल्या आणि बायका गाणी म्हणत दूर सावरीच्या सावलीत गेल्या.

बाबाचा तळवा धरतीला लागला. धरती काही जळाली नाही. बाबाचा तळवा मात्र जळाला. वैशाखातला मुरूम तापून तवा झालेला; बाबा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागला आणि अखेर उडी मारून चौरंगावर चढला.

"महाराज," मी नम्रपणे म्हणालो, "शेवटचा घाव घालायच्या आधी मासोळीला एकदा विचारून घ्यावं."

"मछली थक गई है!"

"रोज तूप-पोळी तुमी खाता, थकते मासोळी?" फुलवंताबाई म्हणाली.

"विचारा, विचारा!" गर्दी ओरडली. मालगुजारांनी स्वतः मासोळी पाण्यात सोडली.

मासोळी डुलली. तिनं सावरीकडे तोंड केलं, आणि मला वाटलं, संपलं. मग ती डुलत डुलत फिरली, फिरत राहिली, आणि खाली गावाकडे तोंड करून थांबली.

गर्दीनं तिच्या तोंडाच्या रेषेत पाहिलं. मग मालगुजारांकडे पाहिलं.

"हे तं तुमचं घर हाये, मालक," बकारामदादा म्हणाले.

"चुकली असंल!" पतिरामांनी मासोळी बोटानं उलटी फिरवली. ती गोल फिरून पुन्हा त्यांच्या घराकडे पाहू लागली. त्यांनी परात फिरवली. मासोळी घराकडे. कुणीतरी मंत्र म्हटला, कुणी फुंकर मारली. मासोळी हटेना.

"आता समजलं!" बकारामदादांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली. "मालकानं सोनं आधीच नेऊन घरात गाडलं, अन् आमाले इथं माती उपसाले लावलं. चाला रे! कुदळी घ्या! फरशी उखडा!"

सारी गर्दी उताराला लागली. असा उत्साह पाळ खणताना कधी दिसला नव्हता. पतिराम मालगुजार आयुष्यात पहिल्यांदा धोतर धरून धावले आणि लोकांच्या पुढे हात पसरून उभे राहिले.

"थांबा! थांबा लेकाहो! एका लाकडाच्या मासोळीचं काय ऐकता? अक्कल हाये का नाही?"

"कालपावेतो तं लई खरी होती जी," कुणीतरी म्हणालं.

"मास्तर!" मालक केविलवाण्या आवाजात ओरडले. "मास्तर, सांगा ना याइले! हे सारं थोतांड हाये म्हनून सांगा!"

"मी सांगू?" मी विचारलं. "छपराचं काय?"

"छप्पर तुमचं! सांगा!"

मी सगळ्यांना परत परातीपाशी आणलं आणि खिशातून होकायंत्र काढून तिच्यापासून दोन हात दूर ठेवलं. काट्याचं तोंड मालगुजाराच्या घराकडे. मासोळीचं तोंड मालगुजाराच्या घराकडे. "हा काटा मी सोनं शोधायला घेतलेला नाही. तो उत्तर दाखवतो. मालकांचं घर उत्तरेला आहे, एवढाच त्यांचा गुन्हा. मासोळीच्या पोटात असाच काटा आहे. तिला एकटं सोडलं की ती उत्तर दाखवते. मग इतके दिवस ती सावरीकडे का पाहत होती? कारण सावरीच्या बाजूला रोज बाबांचा उजवा पाय असायचा. आणि त्या पायात..."

"झूठ!" बाबा किंचाळला आणि चौरंगावरून उडी मारून, तापल्या मुरमावर 'स्स, हाय' करत सावरीकडे पळाला, खडावा परत मिळवायला.

आम्ही सगळे त्याच्यामागे धावलो, पण तिकडे आधीच आरडाओरडा सुरू झाला होता.

"अगं बाई! सोडवा कोनी! माह्या किल्ल्या धरल्या!"

जमुनाबाई पादुकांना चंदन लावायला वाकल्या होत्या. कमरेचा जुडगा ताटावर लोंबला आणि खट् करून खडावेला चिकटला. त्या उठल्या तशी खडावही ताटातून उठली आणि कमरेला लोंबकळत राहिली. त्या गोल फिरत होत्या, खडाव त्यांच्याबरोबर फिरत होती, आणि बायका भीतीनं मागे सरकत होत्या. एक म्हातारी हात जोडून म्हणत होती, "बाबाले तिजोरीच्या किल्ल्या पाहिजेत वाटते!"

"ते तं खरंच हाये," फुलवंताबाई म्हणाली. तिनं पुढे होऊन खडाव किल्ल्यांपासून ओढून काढली आणि बकारामदादांकडे फेकली. बाबा तिच्यावर झेपावला, पण त्याच्या आधी कुऱ्हाड पडली. खडाव फुटली. लाकडाच्या पोटात कोरलेला कप्पा होता, वरून लाखेनं बुजवलेला, आणि त्यात बोटभर लांब, चौकोनी, काळंशार पोलाद. बकारामदादांनी ते उचलून कुऱ्हाडीच्या पात्याला लावलं. ते तिथंच चिकटून बसलं. मासोळीही फोडली. आत शेवरीचं हलकं लाकूड आणि एक जाड सुई निघाली.

आता बाबाची गर्जना आटली होती. मालगुजार मुठी वळून त्याच्या अंगावर धावले तेव्हा मी मध्ये पडलो. "मारू नका. मारलंत तर उद्या लोक म्हणतील, साधूला छळलं. त्याला सगळं तोंडानं सांगू द्या."

बाबानं सांगितलं. नाव चुन्नीलाल. कुठल्याशा शहरात मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली होता. मोडक्या मोटारीतून निघालेला चुंबक खिशात राहिला, आणि एका जत्रेत त्यानं सुई नाचवून दाखवली तेव्हा एक म्हातारी पाया पडली. "मास्टरजी, मैंने कुछ नहीं किया," तो रडवेला होऊन म्हणाला. "मैं तो खेल दिखा रहा था. लोग पैर पड़ गए, तो मैं बैठ गया."

हे ऐकून मला त्याचा रागही आला आणि हसूही आलं. खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून तेवढं एक खरं निघालं होतं.

मडकं फोडून बायकांचे दागिने जिचे तिला दिले. दुप्पट झाले नव्हते. पण एकही कमी नव्हता, म्हणून कुणी तक्रार केली नाही. मग मी लाकडाची एक ढलपी घेतली, तीत मासोळीतली सुई खोचली, पाण्यात सोडली आणि चुंबक फुलवंताबाईच्या हातात दिला. तिनं तो परातीबाहेरून फिरवला. सुई नाचली. त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. सगळ्यांनाच फिरवायचं होतं. म्हाताऱ्या, पोरं, गोंड, कोहळी, पोवार, रांगा लावून सुई नाचवू लागले आणि मोठमोठ्यानं हसू लागले. बाबाच्या हातून मासोळी फिरली तेव्हा लोक पाया पडले होते. स्वतःच्या हातून फिरली तेव्हा त्यांची मान ताठ झाली. मला वाटतं, माझ्या नोकरीतला तो सगळ्यात चांगला भूगोलाचा तास होता.

पाळीचं खिंडार बुजवायचं होतं. पावसाळा तोंडावर आला होता. टोपल्या आल्या, घमेली आली, माणसांची रांग लागली. चुन्नीलालही त्या रांगेत माती वाहत होता, अनवाणीच. दुसऱ्या दिवशी त्याला कोतवालाबरोबर ठाण्याला पाठवायचं ठरलं, पण तोवर तूप-पोळी जिरवणं भाग होतं. फुलवंताबाई पाळीवर उभी राहून प्रत्येक थर पाण्यानं भिजवून, पायांनी तुडवून घेत होती, आणि नीट न तुडवणाऱ्याला मालगुजार असला तरी सोडत नव्हती.

"मास्तर," पतिराम टोपली खाली ठेवून माझ्या कानाशी आले. "बाबा खोटा, मासोळी खोटी, हे पटलं. पन... खजिना असंलच तं?"

मला तिथं भाषण सुचलं. मी पाळीवर चढून सांगू लागलो की राजांनी आणि कोहळ्यांनी मागे ठेवलेला खजिना म्हणजे हीच पाळ, हाच इतिहास, हाच आपला भूगोल...

"भाषन झालं असंल तं टोपली उचला, मास्तर," बकारामदादा खालून म्हणाले. मी उचलली.

म्हणून भाषण न करता, टोपली वाहता वाहता त्या दिवशी जे बोलणं झालं, तेच इथं लिहितो. पतिरामांनी विचारलं, "पुढं असा कोनी आला तं वळखाचं कसं?" मी म्हणालो, ओळखायला पंडित व्हावं लागत नाही. तो जे दाखवतो ते आपण मागू त्या जागी, आपण मागू त्या वेळी, त्याच्या वस्तू बाजूला ठेवून दाखव म्हणावं. खरं असेल ते कुठंही खरं असतं. खोटं असेल त्याला आपली जागा लागते, आपला चौरंग लागतो आणि आपल्याच खडावा लागतात. आणि तो चिडला, शाप देऊ लागला, 'श्रद्धा नाही म्हणून दिसत नाही' म्हणू लागला, तर त्याला जेवू घालून वाटेला लावावं. विचारायला लाजू नका. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो भोंदू. फुलवंताबाईनं पहिल्याच दिवशी फाटक्या लंगोटीचं विचारलं होतं. त्याच दिवशी आपण सगळ्यांनी तिच्याबरोबर विचारलं असतं, तर ही टोपली आज आपल्या डोक्यावर नसती.

"हे मात्र खरं बोलला," फुलवंताबाई म्हणाली, आणि मी टाकलेल्या मातीवर पाय देऊन म्हणाली, "आता चांगलं तुडवा."